बुटांची बातमी

शनिवार, २१ जानेवारी

आज नोएमीने लिम्बरच्या बुडाखालची एक पिशवी काढून घेतली! पिठाची, चांगली भरलेली. तो अकराचा, ती तेराची. टेबलामागे दोघं सारखी दिसावीत म्हणून ओविडिओ मास्तर त्याला दोन पिशव्यांवर बसवतात. स्टुडिओ म्हणजे बेकरीच्या वरची खोली, तिथे पिठाला काय तोटा. लाल दिवा लागला आणि बघते तर लिम्बरची नुसती हनुवटी टेबलाच्या वर. मांजर ताटाकडे बघतं ना, तसा. तरी पठ्ठ्या ठणकावून म्हणाला, "वावांच्या बातम्यांमध्ये तुमचं स्वागत!" मी बाजारात माझ्या आपीच्या, म्हणजे मक्याच्या गरम पेजेच्या, गाड्यावर होते. समोरच्या कोंबडीवालीला सांगून तिचा टीव्ही माझ्याकडे फिरवून घेतला होता. इतकी हसले की जांभळं आपी एका गिऱ्हाइकाच्या पेल्यात दोनदा ओतलं. तो म्हणाला, डोन्या बासिलिया, मक्याला यंदा फारच बहर आलेला दिसतोय.

आमच्या वस्तीतली सगळी वावा, म्हणजे पोरं, रांगत्यापासून मिसरूड फुटलेल्यापर्यंत, शनिवारी दहाला टीव्हीसमोर असतात. आणि आत बसलेली दोन्ही माझी नातवंडं. मी लिहायला शिकले साठाव्या वर्षी. बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षरं विसराल. चार ओळींत हे मावतं का?

घरी आल्यावर जुंपली. "माझ्या ओळी अकरा, तुझ्या चौदा." "तू अडखळतोस म्हणून." "आणि तू आगगाडीसारखी वाचतेस, कोणाला कळत नाही." "हनुवट्या!" मग एक चप्पल उडाली. ती माझ्या बटाट्यात पडली.

रविवार, २२ जानेवारी

सभा झाली. लोक कुरकुरायला लागलेत. अध्यक्ष सेवेरो म्हणाले, पाण्याचा नळ सांभाळायचा असो, गल्लीचं प्रमुखपण असो, आपल्यात एका घराला एक जागा. मग टीव्हीवर एकाच घरातली दोन पोरं कशी? बायका माना डोलवत होत्या. ट्रिफोनिया सगळ्यात जास्त, तिच्या नातीला बसायचं आहे तिथे. तिची मान मला मागूनसुद्धा ओळखू येते.

ठरलं असं. शाळा सुरू होईपर्यंत, म्हणजे पुढचे दोन शनिवार, दोघंही. मग मास्तर एकाला ठेवतील. ज्याच्या बातम्या चांगल्या त्याला. दुसरी खुर्ची दुसऱ्या घराला.

संध्याकाळी हिलारियाचा फोन. माझी लेक. साओ पावलोला शिलाई करते, नऊ वर्षं झाली. जाताना लिम्बर दोन वर्षांचा होता. मशीनच्या बाजूला फोन उभा करून ती दर शनिवारी हा कार्यक्रम बघते, पाय मशीनवर आणि डोळे पोरांवर. सांगितलं तिला. तिकडचं मशीन थांबलं. मग म्हणाली, "म्हणजे आता मी दोघांतल्या एकालाच बघायचं?"

दोघं शेजारीच उभी होती. दोघांनी ऐकलं.

मंगळवार, २४ जानेवारी

आज आलासिताची जत्रा. ज्याला जे हवं त्याची चिमुकली वस्तू घ्यायची, घर हवं तर घर, गाई हव्या तर गाई, बरोबर दुपारी बाराला धूप दाखवायचा. वर्षात ते खरं होतं. आपल्यासाठी आपण घेतलेलं चालत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं. ट्रिफोनियाने विमान घेतलं. कुठे जाणार आहे देव जाणे.

एका दुकानात मायक्रोफोन होते. करंगळीएवढे, काळे, वर जाळीसुद्धा. माझा नवरा अन्सेल्मो असता, मी लिहिते आहे बघून हसला असता, आणि हे मायक्रोफोन बघून तर टोपीच काढली असती त्याने. मी दुकानवालीला म्हटलं, दोन दे. तिने दोन काढले.

मग मनात आलं, खुर्ची एक आणि मायक्रोफोन दोन. देवाला वाटेल ही म्हातारी थट्टा करते. म्हणून एक परत दिला.

दुकानवाली म्हणाली, नाव फुकट लिहून देते, कोणाचं लिहू? ती ब्रश घेऊन थांबलेली. मी म्हटलं, लिम्बर.

का म्हटलं? आई गेली तेव्हा तो माझ्या पोटाशी झोपायचा. कानही अन्सेल्मोचे. आणि नोएमी माझ्यावर गेलीय, तिला कोणी काही आणून द्यावं लागत नाही, ती घेते. असं मी मनाला सांगितलं. बाराचे भोंगे झाले, धूपवाल्याने पाकळ्या टाकल्या, दारू शिंपडली. मी डोळे मिटले तेव्हा मला नोएमी दिसली. लगेच उघडले.

तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवलाय. निकाल लागल्यावर देईन.

बुधवार, २५ जानेवारी

नोएमीने आज न सांगता भात टाकला. गुणाची पोर. स्वतः मात्र दोनच घास खाल्ले. दमली असेल.

गुरुवार, २६ जानेवारी

गाड्यावरून आले, पाय धुतले. नोएमी जवळ येऊन बसली. असं ती बसत नाही. मक्याचे दाणे सोलायला लागली माझ्याबरोबर. म्हणाली, "आजी, कोणाला सांगणार नसशील तर एक सांगू?" (आधी मला दोघं आविचा म्हणायची, आपल्या भाषेत. टीव्हीवर गेल्यापासून ही आजी म्हणते. लिम्बर अजून आविचाच म्हणतो.)

म्हणाली, सोमवारी सकाळी सभेच्या हॉलमध्ये शाळेचे बूट फुकट वाटणार आहेत. पहिल्या दोनशे पोरांना. अजून कोणाला माहीत नाही. मी शनिवारी हीच बातमी देणार.

मी म्हटलं, अगं बाई, मग खुर्ची तुझीच.

"कोणाला सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगते?"

आणि सांगितलं. आज अजून संपला नाही तोवर सांगितलं. लिम्बर अंगणात भिंतीवर चेंडू मारत होता, तोंड एवढंसं. म्हणे त्याला बातमीच मिळत नाही, कुत्रीला सात पिल्लं झाली एवढीच आहे. मी म्हटलं, इकडे ये, बाजारात एक ऐकलंय. नोएमीचं नाव घेतलं नाही. उद्या मास्तरांकडे सगळी पोरं जमतात तेव्हा तू पहिल्यांदा हात वर कर, एवढं शिकवलं.

तो म्हणाला, "पण आविचा, दोन तोंडं लागतात." त्यांचा नियम आहे तो. बातमी एकाने सांगितली तर चालत नाही, आणखी एकाला ती वेगळीकडून माहीत असावी लागते. मास्तर स्वतः फोन करून विचारतात.

मी म्हटलं, तू सांग बाजारातल्या एका बाईकडून ऐकलं. दुसरं तोंड माझं सांग.

उडी मारून गळ्यात पडला. हॅट पडली माझी. अशी खूश झाले, अशी खूश झाले, आणि भाजी चिरायला बसले तर नोएमीने सोललेल्या दाण्यांचा ढीग समोर.

शुक्रवार, २७ जानेवारी

अकराला फोन आला. गाड्यावर गर्दी.

"डोन्या बासिलिया, बुटांचं तुम्हीपण ऐकलंत का?"

"ऐकलं की, मास्तर."

"कोणाकडून?"

"चार बायका बोलत होत्या."

चार! एक म्हटली असती तरी चाललं असतं.

शनिवार, २८ जानेवारी

लिम्बर दोन पिशव्यांवर ताठ. बुटांची बातमी सगळ्यात आधी, आणि ती त्याची. न अडखळता वाचली. "येताना पोराला घेऊन या, मापासाठी," हे त्याने स्वतःच्या मनाने घातलं. काय डोकं! कोंबडीवाली म्हणाली, हा मंत्री होणार. मी पाच जणांना वर थोडं थोडं जास्त आपी दिलं, गिऱ्हाईक निघताना पेल्यात वरचं घालतात ते, न मागता.

नोएमीने कुत्र्याच्या सात पिल्लांची बातमी वाचली. मास्तरांनी ती तिला दिली. हळू वाचली आज, आगगाडी नाही.

घरी भांडण झालं नाही. मला वाटलं होतं नोएमी माझ्यावर धावून येईल, तू सांगितलंस म्हणून. उत्तरही तयार ठेवलं होतं. ती आली, माझ्याकडे बघितलं, आणि कपडे वाळत घालायला गेली.

सोमवार, ३० जानेवारी

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

बूट नव्हते. कोणी वाटणार नव्हतं. हॉलला कुलूप.

साडेपाचपासून बाया उभ्या होत्या. पाठीला एक वावा बांधलेलं, हाताला दुसरं. रांग हॉलपासून बेकरीपर्यंत, तिथून वळून नळापर्यंत. सातला गारा पडायला लागल्या. कोणी हललं नाही, नंबर जाईल म्हणून. नऊला सेवेरो अध्यक्ष आले, त्यांनाच काही माहीत नव्हतं. एक बाई वरच्या वस्तीतून दोन तास चालत आली होती, तिचा मुलगा पायात प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. मापासाठी आणलेला.

मी गाड्यावरून आपीचं भांडं उचलून नेलं, वाटलं. घेताना एक म्हणाली, "डोन्या, तुमच्याच नातवाने सांगितलं ना?" दुसरी म्हणाली, "पोराला काय बोलायचं, त्याला कोणीतरी सांगितलंच असेल." मी तिचा पेला भरला. 

लिम्बरला शेजारच्या पोरांनी रस्त्यात गाठलं. "बूटवाला, बूटवाला, माझा नंबर अडतीस!" घरी आला तर पायातले स्वतःचे बूट काढून दाराबाहेर फेकले.

मंगळवार, ३१ जानेवारी

मास्तर आले होते. लिम्बरला विचारलं, पहिलं तोंड कोण? कोणती बाजारातली बाई? तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. म्हणाला, "आठवत नाही. माझीच चूक." मास्तर मला म्हणाले, तुम्हाला त्या चार बायका आठवतात का? मी म्हटलं, गर्दी होती.

माझ्यासाठी तो खोटं बोलला. त्याच्यासाठी मी खरं बोलले नाही.

शनिवारी त्याने उभं राहून चूक सांगायची. त्यांचा नियम. चुकीची बातमी देणारा त्या दिवशी बसत नाही, टेबलाच्या बाजूला उभा राहतो, आणि बाकी सगळ्याच्या आधी बोलतो. मास्तर म्हणाले, त्यानंतर खुर्ची त्याला कशी द्यायची?

मास्तर गेल्यावर नोएमीने ताटातलं सगळं कुत्र्याला घातलं.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आज विचारलं. नोएमी छपराखाली कपडे घासत होती. मी म्हटलं, बुटांचं तुला कोणी सांगितलं होतं?

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"मीच बनवलं."

घासायची थांबली नाही. मी म्हटलं, का गं?

"तू त्याला सांगणार मला माहीत होतं. मला वाटलं रात्रीपर्यंत तरी थांबशील. तू भाजी चिरायच्या आधीच सांगितलंस. मी खिडकीतून बघितलं."

मग तिने सांगितलं. बुधवारी भात टाकायला डबा काढला, वाटी आत घातली तर मायक्रोफोन वर आला. लिम्बर लिहिलेला. ती म्हणाली, "मी म्हटलं दुसरा असेल खाली. सगळे तांदूळ परातीत काढले. मग परत भरले. मग परत काढले."

मी खाली बसले. ओल्या फरशीवर.

ती म्हणाली, "मला एवढंच हवं होतं की शुक्रवारी सगळ्यांसमोर त्याने हात वर करावा आणि त्याला दुसरं तोंड मिळू नये. मास्तर ओरडले असते. बास. हे कोणालाच माहीत नव्हतं तर दुसरं तोंड येणार कुठून? मग मास्तरांनी स्पीकरवर फोन लावला आणि तू म्हणालीस, ऐकलं की. चार बायका."

"तेव्हाच का नाही बोललीस, पोरी?"

"तेव्हा मला वाटलं, बरं झालं. आता दोघंही पडाल." मग घासायची थांबली. "गारा पडतील हे मला माहीत नव्हतं, आविचा."

किती महिन्यांनी आविचा म्हणाली. मला तिला जवळ घ्यायचं होतं. हात उचलला आणि लाज वाटली. साबणाचा तुकडा उचलून तिला दिला.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

आपी लागलं. तळाला जळलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवार, ४ फेब्रुवारी

गाडा लावला नाही. चांगला घागरा नेसले, हॅट घातली, पोरांच्या मागे बेकरीचा जिना चढले. लिम्बर म्हणाला, "तू कशाला?" मी म्हटलं, बघायला. आत गरम पावाचा वास, वायरी, आणि कॅमेरा आमच्या इस्त्रीएवढा! टीव्हीत सगळं किती मोठं वाटतं.

नोएमी खुर्चीत. लिम्बर बाजूला उभा, हातात कागद. लाल दिवा लागला. तो म्हणाला, "गेल्या शनिवारी मी..." आणि कागदात बघितलं. परत म्हणाला, "गेल्या शनिवारी मी..."

मी हॅट काढली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मास्तर हातांनी खुणा करत होते, बाजूला व्हा, बाजूला व्हा. मी म्हटलं:

"मी बासिलिया मायता, आपीवाली. मुलाला बुटांचं मी सांगितलं. मास्तरांनी विचारलं तेव्हा दुसरं तोंडपण मीच झाले. चार बायका नव्हत्या. एकच तोंड मी दोनदा मोजलं, कारण मला हा नातू खुर्चीत बसलेला हवा होता. जिच्या पोराच्या पायात पिशव्या होत्या त्या बाईने मला माफ करावं. नाही केलं तरी बरोबरच आहे."

नोएमीबद्दल मी बोलले नाही. ते मी ठरवलं होतं. तेवढं तरी तोंड बंद ठेवायचं.

पण खुर्ची सरकली. ती उठून आली, माझ्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. "आजीला मी सांगितलं होतं. मी ते मनाने बनवलं होतं." लिम्बरने मान वळवून तिच्याकडे असं बघितलं! मला मध्ये घेऊन दोघं एकमेकांकडे बघत होती. टेबलामागे दोन रिकाम्या खुर्च्या, एकीवर पिठाच्या दोन पिशव्या. बोलायला कोणी नाही. शेवटी मास्तर स्वतः जाऊन बसले, पिशव्यांवरच, डोकं चौकटीच्या वर गेलेलं. वाढदिवस वाचले. दोन नावं चुकले.

जिना उतरताना लिम्बर म्हणाला, "म्हणजे तू मला पाडणार होतीस." नोएमी म्हणाली, "हो."  मग तो म्हणाला, "फोनवर आविचा बोलली तेव्हा तुझं तोंड कसं झालं असेल!" आणि तिला हसू फुटलं. मग रडू. मी पुढे चालत होते. वळून बघितलं नाही, बिघडेल म्हणून.

रविवार, ५ फेब्रुवारी

सभेने सांगितलं. खुर्ची एका घराला एक, पण यंदा आमच्या घराला एकही नाही. ना हा, ना ती. जागा ट्रिफोनियाच्या नातीला. आणि मी तीन सकाळी हॉलसमोर गाडा लावून त्या सोमवारच्या रांगेतल्या सगळ्यांना फुकट आपी द्यायचं, सोबत पिठाचा तळलेला गोळासुद्धा. सेवेरो अध्यक्ष म्हणाले, "डोन्या बासिलिया, कबूल?" मी म्हटलं, तीन कशाला, चार घ्या. लोक हसले. वरच्या वस्तीतली ती बाई हसली नाही.

हिलारियाचा फोन. सगळं बघितलं होतं तिने. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "आई, मी निघाले तेव्हा एकाला नेता येत होतं. मालकीण म्हणाली होती, एक मूल चालेल. म्हणून तर कोणालाच नेलं नाही."

नऊ वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी इकडे मनात म्हणायचे, कशी गेली दोघांना टाकून.

मग म्हणाली, टीव्हीवर दिसणार नाहीत तर आता मी रोज फोन करीन. दोघांनाही द्यायचा. आळीपाळीने नाही, एकदमच. मी हो म्हटलं.

मायक्रोफोन मी दुपारीच चुलीत घातला. प्लास्टिकचा होता, घाण वास सुटला.

शनिवार, ११ फेब्रुवारी

दहाला ट्रिफोनियाची नात टीव्हीवर. मी दोघांसाठी आपी घेऊन घरी गेले तर दाराबाहेरच पाय थांबले. आत दोघं एका खुर्चीत दाटीवाटीने बसून खुसखुसत होती, तिच्या प्रत्येक वाक्याला नावं ठेवत. मग लिम्बरने नोएमीच्या कानात काहीतरी बरंच मोठं सांगितलं. ती म्हणाली, "खरंच? आविचाला सांगू नकोस हं." तो म्हणाला, "वेडी आहेस का? तिला कोण सांगतंय."

मी आत गेले. दोघांचे डोळे लगेच टीव्हीवर. पेले पुढे ठेवले. म्हटलं, काय रे बोलत होतात?

"काही नाही," दोघं एकदमच म्हणाली.